शहरातल्यांना डॉक्टर आणि खेड्यातल्यांना नर्स, हा अन्याय नाही का?

प्रश्न विचारणारी मुलगी नागपुरात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ व्हायचं तिच्या मनात आहे. घरचे मात्र म्हणतात, "शिकून काय करशील? गरिबांच्या माथी डॉक्टरऐवजी नर्स मारायची सरकारची युक्ती आहे ही."

तुला तू म्हणते, चालेल ना? वयाने तेवढी मोठी आहे मी. नागपूरच्या धंतोलीतल्या एका खासगी आयसीयूत सहा वर्षं काढली, आता जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ आहे. तुझ्या घरच्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण वर्षातले काही दिवस तेच खरं असतं. त्या दिवसांकडे नंतर येते.

आमच्याकडे मिरचीचे सातरे आहेत. हंगामात बाया दिवसभर बसून मिरचीचे देठ तोडतात, किलोवर मजुरी. तिथली एक मावशी खोकल्यासाठी आली होती. मिरचीच्या धुळीने खोकला सगळ्यांनाच असतो, पण सवयीने बीपी पाहिलं तर १७८/१०४. दहा मिनिटं बसवून परत पाहिलं, फार फरक नाही. गोळ्या आधी सुरू होत्या, आठ महिन्यांपूर्वी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातून. मग बंद का केल्या?

"नागपूरले जाचं म्हणजे एक रोजी गेली ना मॅडम. यष्टीचं भाडं अलग. सरल्या गोळ्या तं सरल्या, कोण जाते?"

हे उत्तर ओळखीचं होतं. मी विचारलं, सध्या काहीच घेत नाही का? तर म्हणाली नाही. उठताना गुडघ्यावर हात टेकून उठली म्हणून पुन्हा विचारलं, गुडघ्याचं काय घेता? तेव्हा पदराची गाठ सोडून तिने एक पत्ता काढला. डायक्लोफेनॅक. किराणा दुकानातून, रोज दोन, सहा महिन्यांपासून. तिच्या लेखी ते औषधच नव्हतं, ती "दुखण्याची गोळी" होती. असल्या वेदनाशामकांनी बीपी चढतं आणि किडनीलाही मार बसतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम परत सुरू करायला सांगितलं. ती दुसरी गोळी बंद केली, किडनीच्या तपासणीसाठी रक्त पाठवलं. महिन्याने बीपी १४६/९० वर आलं. आता दर महिन्याला ३० गोळ्या माझ्याकडून नेते, सातऱ्यावरून परतताना.

आता सांग, तिच्यासाठी दुय्यम सेवा कोणती? त्या दवाखान्यातला डॉक्टर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेला आहे, वादच नाही. पण निदान एकदाच करायचं असतं. गोळी मात्र ३६५ दिवस घ्यायची असते, आणि त्यासाठी माणूस चालत जाण्याच्या अंतरावर लागतो. पदराची गाठ रांगेत सुटत नाही.

आपल्या विदर्भातलंच दुसरं उदाहरण. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. जंतुसंसर्ग ओळखायचा आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या बाया तर नर्सही नव्हत्या. पण त्यांच्यामागे शिकवणारे, दर पंधरवड्याला काम तपासणारे, औषध पोचवणारे होते. हा भाग लोक सांगताना गाळतात.

आता ते दिवस. एकदा बीपीच्या गोळ्यांचा साठा संपला, मागणी टाकली, दीड महिना काही आलं नाही. मी लोकांचं बीपी मोजत होते, वहीत लिहीत होते आणि "बाहेरून घ्या" म्हणत होते. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टर मिळेपर्यंत कधी रेंज जाते. कधी सिकलसेलचं लेकरू दुखण्याने कळवळत असतं, वर पाठवायचं असतं आणि गाडी मिळता मिळत नाही. अशा दिवशी तुझ्या घरच्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरतं: खेड्याला नर्स दिली आणि विषय संपवला. म्हणजे प्रश्न नर्स की डॉक्टर हा नाहीच. नर्सच्या हातात औषध आहे का, फोन उचलणारं कोणी आहे का, आणि तिने पाठवलेल्या पेशंटला वरच्या दवाखान्यात दार उघडतं का? ही तिन्ही असतील तर मी डॉक्टरच्या जागी नाही, डॉक्टरचा हात लांब करायला आहे. नसतील तर मी नुसती पाटी आहे.

आणि हो, रजिस्टरं नि ऑनलाइन नोंदी. दिवसाचे दोन तास यातच जातात. कामावर आधारित मोबदला त्या नोंदींवर ठरतो, म्हणून पेशंट थांबले तरी नोंद थांबत नाही. हे कोणी आधी सांगत नाही.

तुझ्या शिक्षणाचं थोडक्यात. सीएचओसाठी जीएनएम चालतं, वर सहा महिन्यांचं सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण. पद बहुतेक कंत्राटी. बाळंतपणाची आवड असेल तर २०१८ च्या केंद्राच्या धोरणातून आलेला नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफरीचा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम बघ. साध्या बाळंतपणाची सगळी जबाबदारी तिथे तुझी असते. अतिदक्षता विभागासाठीचा नर्स प्रॅक्टिशनर हा पदव्युत्तर, दोन वर्षांचा, त्यामुळे तुला आधी पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतरची पदवी, करावी लागेल. मी आयसीयूत असताना तोच करायचा होता, पण दोन्ही मिळून चार वर्षं पगाराविना काढणं घरच्या परिस्थितीत बसलं नाही. तोटा कुठे आहे तर शिक्षण पुढे गेलंय, अधिकार मागेच आहेत. १९४७ च्या नर्सिंग कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा कायदा मंजूर झाला, तरी वॉर्डात जास्त शिकलेल्या नर्सला आजही विचारतात, "सिस्टर, सलाइन लावलं का?"

घरच्यांशी वाद घालू नको. सुट्टीच्या दिवशी बाबांना घेऊन जवळच्या कुठल्याही आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे माझ्यासारखी सीएचओ असलेल्या उपकेंद्रात, जा, सकाळी दहाच्या आत. सिस्टरला तीन गोष्टी विचार: अ‍ॅम्लोडिपिन किती दिवसांचं शिल्लक आहे, शेवटचा फोन डॉक्टरांनी किती वेळात उचलला, आणि मागच्या महिन्यात पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते तिला कळलं का. तिसऱ्यावर ती बहुधा गप्प बसेल. मीही अर्ध्या पेशंटच्या बाबतीत गप्पच बसते.