हाइव्ह माइंडवाले (सगळ्यांचं मिळून एकच मन असलेले) किडे बनवताना एचपी नंतर, आधी ते एकमेकांना कळवतात कसं ते ठरव

तू लिहिलंयस की डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा कथाखेळ) गेममध्ये लेव्हल ५ च्या चौघा प्लेअर्ससमोर ८ कीडे-सैनिक उतरवले, एकाला दिसलं की सगळ्यांना दिसतं म्हणून सगळ्यांना कायम अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) दिला, आणि विझर्ड (जादूगार) पहिल्याच राउंडला आडवा. आता किड्यांचे एचपी (किती मार सोसतील तो आकडा) कमी करू का विचारतोयस. एचपीला हात लावू नकोस, गडबड तिथे नाहीये.

हिशोब करून बघ ना. विझर्डची एसी (वार लागायला वीस बाजूंच्या फाशाने गाठायचा आकडा) १५ धर, किड्याला फाशात मिळवायला +४, म्हणजे निम्मे वार लागणार. डॅमेज १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा अधिक २), सरासरी साडेपाच, आठांचे मिळून राउंडला २२. अॅडव्हांटेज दिलास की तेच ३३ होतात, आणि कॉन (काटकपणा) १४ असलेल्या लेव्हल ५ च्या विझर्डकडे सरासरी ३२ एचपी असतात. त्यात सगळे किडे एकाच इनिशिएटिव्हवर (एकाच पाळीला), मग मधे क्लेरिकला (बरं करणाऱ्याला) काही करायला वावच नाही. चार-चारचे दोन गट कर आणि कायमचा अॅडव्हांटेज काढ, एवढ्यानेच अर्धं काम होईल.

आता खरं काम. डी अँड डीच्या जुन्या थर्ड एडिशनमधले फॉर्मियन (मुंग्यांसारखे प्राणी) बघ, राणीपासून ५० मैलांच्या आत सगळे एकमेकांशी जोडलेले, आणि गटातले सगळे फ्लँक (दोन बाजूंनी घेरलेले) झाल्याशिवाय एकही फ्लँक धरायचा नाही. वाचायला भारी वाटतं, पण टेबलावर प्लेअरने याचं करायचं काय? टेलिपथी म्हटलं की लेव्हल ५ ला ती तोडायला हातात जवळजवळ काही नसतं. म्हणून मी टेलिपथी टाळते, त्याऐवजी कळवायला वास, आवाज नाहीतर जमिनीतला कंप वापरते. आवाज असेल तर सायलेन्सने (आवाज बंद करणाऱ्या स्पेलने) तुटतो, वास असेल तर गस्ट ऑफ विंडने (जोराचा वारा सोडणाऱ्या स्पेलने), दोन्ही सेकंड लेव्हल स्पेल, म्हणजे तुझ्या पार्टीच्या आवाक्यातले.

वासाची कल्पना मी मधमाश्यांकडून घेतली. आग्यामोहोळ उठलं की एक माशी डसल्यावर बाकीच्या तिथेच का येतात, तर डंखाबरोबर एक वास सुटतो आणि तो पिकलेल्या केळ्यांसारखा असतो. माझ्या गेममधल्या किड्यांच्या गुहेत मी तेच ठेवलं. पहिला वार झाला की केळ्यांचा वास, ज्याला लागला त्याच्यावरच पुढच्या राउंडला सगळ्यांना अॅडव्हांटेज. पुढच्या राउंडला, लगेच नाही, हा एका राउंडचा उशीर फार महत्त्वाचा आहे कारण तेवढ्यात प्लेअर्सना काहीतरी करता येतं. तिसऱ्या राउंडला ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) खेळणारी अचानक ओरडली, अरे वास वाऱ्याने जाईल की! त्यानंतर टेबलावर कोणी बसून राहिलं नाही.

मिनीच्या (पात्रांच्या छोट्या बाहुल्यांच्या) जागी मी फोडलेले चिंचोके वापरते, एका बाजूने तपकिरी, दुसरीने पांढरे. किडा बाकीच्यांशी जोडलेला असेल तर तपकिरी बाजू वर, तुटला की चिंचोका उलटायचा. पांढरा कीडा जवळ असेल त्याच्यावर धावतो, मग तो त्यांच्यातलाच का असेना. कोण तुटलंय हे प्लेअर्सना विचारावंच लागत नाही.

संख्या घटली की डोकंही घटू दे. फिफ्थ एडिशनमध्ये क्रेनियम रॅट्सची (एकत्र विचार करणाऱ्या उंदरांची) झुंड निम्म्याहून जास्त एचपी असेपर्यंतच स्पेल टाकते. तुझ्या आठांसाठी मी असं करेन: सहाच्या वर असतील तर डावपेच लढवतात, तीन ते सहा असतील तर फक्त एकत्र राहतात, त्याखाली साधे किडे, पळून जातात.

आणि फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा स्पेल. डॅमेज सरासरी २८, सेव्ह झाला (बचावाचा फासा लागला) तरी १४, तुझे ११ एचपीचे किडे बहुतेक तसेही मरणार. पहिला फायरबॉल खाऊ दे त्यांना. उरलेल्यांना मात्र पुढच्या टर्नपासून एकमेकांपासून ४५ फूट लांब ठेव, म्हणजे २० फूट रेडियसमध्ये दोघं सापडणार नाहीत, आणि ते शिकले हे प्लेअर्सना न सांगता दिसेल.

विझर्डवाल्याला पुढच्या सेशनआधी एक फोन कर. रुसला असेल बिचारा.