एम.ए. इंग्रजीला आहे, पण चॉसर उघडला की पहिल्याच ओळीला अडते

पत्र

ताई, नमस्कार. मी तालुक्याच्या गावातून रोज एसटीने कॉलेजला जाते, जाऊन-येऊन दोन तास. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बी.ए.ला इंग्रजी स्पेशल घेतलं, 61 टक्के पडले. गोष्टी-कविता मनापासून आवडतात म्हणून हट्टाने एम.ए. इंग्रजीला प्रवेश घेतला. पहिल्या सेमिस्टरला दोन पेपर राहिले, एक जुन्या कवितेचा आणि एक थिअरीचा, म्हणजे साहित्य-सिद्धांताचा. चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर उघडला की पहिल्या ओळीलाच अडते, म्हणून गाईडमधल्या नोट्स पाठ केल्या. पुरवण्यांवर पुरवण्या लावल्या, तरी नापास. तासाला मी तोंड उघडत नाही. एकदा माझ्या उच्चारावर मागच्या बाकांवरून हसू आलं, तेव्हापासून धीरच होत नाही. बाबा म्हणतात, सोड हे आणि बी.एड. कर. हा विषय कॉन्व्हेंटमधल्या मुलांचाच आहे, असं मलाही वाटायला लागलंय. काय करू?

– अबोल, एम.ए. भाग 1

उत्तर

प्रिय अबोल,

इतकं पाठांतर करूनही पेपर राहिले, तेव्हा आपलं इंग्रजीच कच्चं असणार असं तू धरून चाललीस. मला तुझ्या पत्रात वेगळं दिसलं. चॉसरबद्दल तू पुष्कळ वाचलंस, पण चॉसर वाचायचा राहून गेला. एम.ए.चा पेपर नेमका तिथेच पकडतो. बी.ए.ला कथानक आणि कवीची माहिती लिहून निभावतं. इथे तपासणारा बघतो की या मुलीने ओळ वाचली आहे का आणि त्या ओळीवरून तिला काही म्हणता येतं का. ते नसेल तर कितीही पुरवण्या लाव, गुण वाढत नाहीत.

पहिल्या ओळीला अडतेस याची लाज मात्र आधी काढून टाक. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290 ची. चॉसरने कॅंटरबरीच्या कथा, म्हणजे यात्रेकरूंनी वाटेत सांगितलेल्या गोष्टी, लिहायला घेतल्या त्या 1387 च्या सुमारास. आपण ओवी वाचताना शेजारी शब्दार्थ घेऊन बसतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. लंडनमध्ये वाढलेला विद्यार्थीसुद्धा चॉसर असाच, समासातल्या टीपा बघत वाचतो. ती भाषा आज कुणाचीच मातृभाषा नाही. या एका पेपरापुरती तरी कॉन्व्हेंटमधली मुलगी तुझ्या फार पुढे नाही.

आता ती पहिली ओळ. या कथांच्या प्रस्तावनेच्या पहिल्या 18 ओळी मिळून एकच वाक्य आहे. हे ठाऊक नसेल तर माणूस प्रत्येक ओळीचा सुटा अर्थ लावत बसतो आणि काहीच जुळत नाही. पेन्सिल घे. पहिल्या ओळीतल्या ‘व्हान’ला गोल कर, पाचव्या ओळीत पुन्हा ‘व्हान’ आहे त्यालाही कर, आणि थेट बाराव्या ओळीच्या सुरुवातीचा शब्द बघ, ‘थान’. जेव्हा, जेव्हा, तेव्हा. हा सांगाडा आपल्या मराठीचाच आहे. जेव्हा एप्रिलच्या सरी मार्चची कोरड मुळापर्यंत भेदतात, जेव्हा पश्चिमेचा वारा कोवळ्या डहाळ्यांत जीव फुंकतो आणि पाखरं गायला लागतात, तेव्हा लोकांना यात्रेला जायची ओढ लागते. अकरा ओळी निसर्ग आणि बाराव्या ओळीत माणूस. पाऊस पडला की पाय पंढरीकडे ओढ घेतात हे तुला वेगळं सांगायला नको, फक्त फरक लक्षात ठेव. आपली पालखी ज्येष्ठात निघते आणि तो पावसाळ्याचा आरंभ असतो. चॉसरचा पाऊस थंडी संपल्याचा, वसंताचा आहे. जमीन, झाड, पाखरू, माणूस असं एकेक पायरी चढत तेच चैतन्य वर येतं. हे वारीचं साम्य उत्तरपत्रिकेत लिहू नकोस, तुझ्या समजेपुरतं ठेव. पण ‘निसर्गाची ओढ आणि देवाची ओढ कवी एकाच वाक्यात बांधतो’ हे विधान त्यातूनच निघालं, आणि ते जरूर लिही.

असंच रोज 20 ओळी. प्रस्तावना 858 ओळींची आहे, म्हणजे 43 दिवसांत पार पडेल. रोज 50 मिनिटं लागतील. सुरुवातीला शब्दकोश बंद ठेवून दोनदा मोठ्याने वाच. जुन्या इंग्रजी कवितेत कानाला कळणारं बरंच डोळ्याला कळत नाही. मग क्रियापदांखाली रेघ मार आणि प्रत्येकाचा कर्ता शोध. या कवितेत कर्ता पुष्कळदा क्रियापदाच्या मागे जातो, अडायला होतं ते तिथेच. त्यानंतर टीपा उघड, पण शब्द जास्तीत जास्त सहा बघ. मराठी माध्यमातली मेहनती मुलं प्रत्येक शब्दावर बारीक अक्षरात अर्थ लिहितात, पान भरून जातं आणि वाक्य हातातून निसटतं. सहा शब्दांची मर्यादा घातली की अर्थ वाक्यातून काढायची सवय लागते. शेवटी वहीत तीन वाक्यं मराठीत लिही, या ओळींत काय चाललंय ते. त्याखाली पाच वाक्यं इंग्रजीत, आणि त्यातल्या एका वाक्यात कवीचे दोन-तीन शब्द अवतरण चिन्हात यायलाच हवेत. मराठीचं पाऊल गाळू नकोस. मराठीत न समजलेली गोष्ट इंग्रजीत लिहायला गेलीस की गाईडची वाक्यं आपोआप हाताखाली येतात.

हार्वर्ड विद्यापीठाच्या चॉसरच्या संकेतस्थळावर मूळ ओळीखाली आजच्या इंग्रजीत अर्थ दिला आहे, फुकट. एसटीतल्या दोन तासांसाठी लिब्रिव्हॉक्स या फुकट बोलक्या पुस्तकांच्या संकेतस्थळावरची ध्वनिमुद्रणं मोबाइलमध्ये उतरवून ठेव. चॅटबॉटला सारांश विचारायचा मोह होईल. सारांश एक वेळ ठीक, पण अवतरणं त्याच्याकडून घेऊ नकोस. कवितेत नसलेल्या ओळीही तो बिनधोक देतो आणि मूळ ओळी पाठ असलेल्या मॅडमना ते लगेच कळतं.

आता उत्तर कसं लिहायचं, ते एका उदाहरणातून बघू. समज, प्रश्न आला प्रायोरेसवर, म्हणजे यात्रेकरूंमधल्या, मठाच्या प्रमुख ननवर. तुझं उत्तर बहुतेक असं सुरू होत असेल: चॉसरचा जन्म, इंग्रजी कवितेचा जनक, त्याचा काळ, त्याचा विनोद. दीड पान गेलं, प्रश्नाला अजून हात लागला नाही. ते दीड पान काढून टाक. 118 ते 162 या 45 ओळींत काय आहे ते बघ. बाई जेवतात फार नेटक्या, ओठातून कण खाली पडत नाही, वरचा ओठ इतका स्वच्छ पुसतात की पेल्यात तुपकट तवंग दिसत नाही. मग कवी म्हणतो, आता त्यांच्या सदसद्विवेकाबद्दल सांगतो. आणि सांगतो काय? सापळ्यात अडकलेला उंदीर पाहून त्या रडतात. त्यांच्या छोट्या कुत्र्यांना भाजलेलं मांस, दूध आणि पांढरा मऊ पाव मिळतो, कुणी कुत्र्याला काठी मारली तर त्यांना रडू येतं. इथे थांब आणि विचार, या ओळींत कोण नाही? गरीब माणूस नाही. दयेचं एवढं वर्णन झालं आणि त्यात एकही भुकेलेला माणूस आला नाही. चॉसर एकही वाईट शब्द वापरत नाही, नुसतं कौतुक करत जातो, आणि टीका त्या गाळलेल्या जागेतून होते. हे तुझं विधान. ते पहिल्या दोन वाक्यांत मांड. मग पेला, उंदीर आणि पाव हे तीन पुरावे, प्रत्येकाला एक परिच्छेद: ओळीतले शब्द, त्यांचा अर्थ, आणि त्यातून तुझं विधान कसं बळकट होतं. शेवटी तिच्या सोन्याच्या पदकावरची अक्षरं, ‘प्रेम सगळं जिंकतं’. कोणतं प्रेम, ते कवी सांगत नाही. झालं उत्तर. तीन-साडेतीन पानांत बसतं.

याच वर्णनातल्या 124 ते 126 या ओळी खास तुझ्यासाठी. प्रायोरेस फ्रेंच बोलते, पण लंडनजवळच्या स्ट्रॅटफर्डच्या वळणाचं, कारण पॅरिसचं फ्रेंच तिला ठाऊक नव्हतं. उच्चारावरून माणसाचं गाव ओळखण्याची खोड सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजांनाही होती, आणि त्या काळी प्रतिष्ठेची भाषा फ्रेंच होती, इंग्रजी नव्हे. मागच्या बाकांवर कोण हसलं हे आठवलं की या तीन ओळी वाच.

वेळेचं गणित असं. 70 गुणांचा पेपर, तीन तास आणि 14 गुणांचे पाच प्रश्न असतील, तर प्रत्येकाला 32 मिनिटं देऊन 20 मिनिटं हातात उरतात. त्यातली पाच-पाच मिनिटं पहिल्या तीन प्रश्नांचं विधान कच्चं लिहिण्यात घालव. पहिलं उत्तर सहा पानं आणि शेवटचं अर्धं पान, पाठांतरवाल्यांचे गुण जातात ते इथे.

भाषेच्या चुकांपैकी दोन आधी सुधार, बाकीच्या मागाहून. एक, ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ लावू नकोस. आपण ‘अमक्याविषयी चर्चा करतो’, त्या ‘विषयी’चं ते भाषांतर असतं, इंग्रजीत ते लागत नाही. दुसरी काळाची. चॉसरने लिहिलं, तो जगला, हे भूतकाळात. पण कवितेत जे घडतं ते साध्या वर्तमानकाळात: प्रायोरेस रडते, कवी वर्णन करतो. दोन्ही काळ एकाच परिच्छेदात सरमिसळ झाले की तपासणाऱ्याचं लक्ष मुद्द्यावरून उडतं.

थिअरीचा पेपर तुला अवघड गेला, कारण तू व्याख्या पाठ केल्यास. सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाचं पुस्तक 1916 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सिद्ध झालं. त्याचं एक मुख्य म्हणणं असं की शब्दाचं मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांमुळे ठरतं. हे समजायला तुझ्याकडे घरचंच उदाहरण आहे. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही निघतो’ म्हटलं की ऐकणारा मागे राहिला, ‘आपण निघू’ म्हटलं की तो सोबत आला. शेजारी ‘आपण’ आहे म्हणून ‘आम्ही’ला ही धार आहे. ‘वुई’ला असा शेजारी नाही, म्हणून ‘आम्ही’ म्हणजे ‘वुई’ हे समीकरण पुरतं बरोबर नाही. भाषा जगाला नुसती नावं देत नाही, स्वतःच्या रेषा आखून जग वाटून घेते, हा मुद्दा तू आता कुणालाही समजावू शकशील. प्रत्येक संकल्पनेला असं एक मराठी उदाहरण स्वतः शोध, सापडेपर्यंत पुढे जाऊ नकोस. आधाराला पीटर बॅरी यांचं ‘बिगिनिंग थिअरी’ एवढं एकच पुस्तक धर आणि एका आठवड्याला एक प्रकरण वाच.

बाबांशी भांडू नकोस, त्यांच्यापुढे आकडे ठेव. बी.एड.ला पदवीचे 50 टक्के लागतात, तुझे 61 आहेत. राखीव जागांना ही अट आणखी सैल असते. म्हणजे पात्रतेच्या बाबतीत तो दरवाजा आजही उघडा आहे आणि दोन वर्षांनंतरही राहील. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी. राखीव प्रवर्गांना 50 टक्के चालतात. नेटला दोन्ही पेपर मिळून 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. परीक्षा झाली की नोकरी ठरलेली, असं मात्र बाबांना सांगू नकोस. कायम जागा कमी निघतात आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारी माणसं त्यांनीही पाहिली असतील. त्यांची काळजी खरी आहे. त्यांच्याकडे या सेमिस्टरपुरती मुदत माग. राहिलेले दोन पेपर सुटले आणि रोजचं पान लिहिलं गेलं, तर एम.ए. पूर्ण कर आणि बी.एड. त्यानंतर. तीन महिने प्रामाणिकपणे करूनही 20 ओळींत मन रमलं नाही, तर तेव्हा सोडण्यात काहीच वावगं नाही. आज सोडलंस तर ते फक्त भीतीपोटी होईल.

पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाचा विषय आतापासून डोक्यात असू दे. एखाद्या लेखिकेच्या सगळ्या कादंबऱ्यांतला स्त्रीवाद, असला विषय घेऊ नकोस. त्यात पन्नास पानं दुसऱ्यांची मतं उतरवण्यात जातात. एक पुस्तक, एक प्रश्न. अरुण कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ 1976 ची, तिला 1977 चं कॉमनवेल्थ कवितेचं पारितोषिक मिळालं. कोलटकर दोन्ही भाषांत लिहिणारे. तुला खंडोबा ठाऊक आहे, भंडारा ठाऊक आहे, येळकोट कानावर आहे. त्यातल्या पाच कविता घेऊन, मराठी वाचकाला न सांगता कळतं ते इंग्रजी वाचकासाठी कवी कुठे उलगडतो आणि कुठे तसंच ठेवतो, एवढाच प्रश्न धरलास तरी पुरे.

आणि तासाला बोलायचं, ते येत्या सोमवारी. लांबलचक मत मांडू नकोस. आदल्या रात्री एकच प्रश्न इंग्रजीत लिहून काढ, तीनदा मोठ्याने वाच, आणि तासाला कागदात बघूनच विचार. ओळीच्या क्रमांकापासून सुरुवात कर: ‘मॅडम, 144व्या ओळीत ती उंदरासाठी रडते, पण या वर्णनात गरीब माणूस कुठेच नाही. हे चॉसरने मुद्दाम केलंय का?’ ओळीचा क्रमांक ऐकला की वर्गातली सगळी पुस्तकं उघडतात आणि नजरा तुझ्यावरून पानावर जातात.

– ताई