शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) वॉटर स्कीइंग शिकताना: उठायची घाई नको

नवखा पडतो तो बहुतेक एकाच कारणाने. बोटीला बांधलेला दोर ताणला की हात आखडून त्याच्या टोकाचं हँडल छातीशी ओढतो. वजन मागे जातं, स्की (पायात घातलेल्या लांब फळ्या) पुढे निसटतात. हात सरळच ठेवा! पाण्यात गुडघे छातीशी, स्कीची टोकं पाण्याबाहेर, दोर दोन्ही टोकांच्या मधून. बोट निघाली तरी तसंच उकिडवं राहा, वेग आला की पाणीच उचलतं. मग सावकाश उठा, नजर बोटीवर. मोठ्या माणसाला ताशी ३० किमी पुरे.

लाइफ जॅकेट घट्ट हवं. दोर हाताला कधीच गुंडाळू नका, तोल गेला की हँडल सोडा. चालकाशिवाय तुमच्याकडे बघणारा आणखी एक जण बोटीत हवाच. उन्हाळ्यात कोयनेचं पाणी उतरतं, तेव्हा काठापासून लांबच राहा. खडक पाण्याखाली जेमतेम वीतभर असतात.