नवऱ्याचे परवान्याचे रिव्हॉल्वर भावाकडे ठेवू का?

प्रश्न (सातारा जिल्ह्यातील एक वाचक भगिनी): माझ्या पतीकडे परवान्याचे रिव्हॉल्वर आहे. दारू प्यायल्यावर ते कपाटातून काढून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवतात आणि मग माहेरून पैसे आणण्याचा विषय काढतात. गोळी कधी झाडलेली नाही. पोलीस ठाण्यात "अजून काही झालेले नाही, शस्त्रही परवान्याचे आहे" असे सांगून मला परत पाठवले. मी ते गुपचूप माझ्या भावाकडे नेऊन ठेवले तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. परवाना पतीच्या नावावर असल्यामुळे ते शस्त्र आपल्या भावाच्या घरात सापडले, तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ व २५ खाली गुन्हा त्याच्यावर, कदाचित आपल्यावरही, नोंदवला जाईल आणि धमकी देणारा फिर्यादी होऊन बसेल. शस्त्राला हातही लावू नका.

ठाण्यात मिळालेले उत्तर मात्र कायद्याला धरून नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम ३ मध्ये शारीरिक छळाच्या व्याख्येतच फौजदारी स्वरूपाच्या धाकदपटशाचा समावेश आहे, त्यामुळे चापाला बोट लागले नाही तरी ताटाशेजारचे ते रिव्हॉल्वर हा हिंसाचारच ठरतो. त्याच्या जोरावर माहेरच्या पैशांची मागणी होत असल्याने भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ (पतीकडून क्रूरता) आणि ३५१ (फौजदारी धाकदपटशा) देखील लागू होऊ शकतात. परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, बायकोला धाक दाखवण्याचा नव्हे.

आपण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे त्याच कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज करावा आणि कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेश, म्हणजे पतीचे म्हणणे ऐकण्याआधीच मिळणारा तात्पुरता आदेश, मागावा. अशा अर्जांत पोटगी आणि निवासाची मागणी चार पाने व्यापते आणि शस्त्राचा उल्लेख एका ओळीत उरकलेला असतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. जे मागितलेच नाही ते न्यायालयाने आपणहून द्यावे, ही अपेक्षा फोल आहे. या कायद्याखालील २००६ च्या नियमांपैकी नियम १० नुसार, दंडाधिकाऱ्यांनी लेखी निर्देश दिल्यास हिंसाचारात वापरलेले शस्त्र पोलिसांच्या मदतीने जप्त करण्याची कार्यवाही संरक्षण अधिकाऱ्याला करता येते. हा निर्देश स्वतंत्र परिच्छेदात, नियमाचा क्रमांक देऊन मागावा.

परवान्याचा प्रश्न वेगळा असून तो परवाना देणाऱ्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे मांडावा लागतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७(३) खाली ते परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. तेथे केवळ 'सार्वजनिक सुरक्षितता' या कारणावर विसंबू नये, कारण घरातल्या भांडणाचा सार्वजनिक शांततेशी काय संबंध, हा बचाव ठरलेला असतो. परवानाधारक कोणत्याही कारणाने परवान्यास अपात्र ठरतो, हा त्याच कलमातील आधार आपल्याला अधिक उपयोगी आहे. निवडणूक आली की गावोगावच्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतल्या जातात हे आपण पाहिले असेलच. मतदारांसाठी जी तत्परता दाखवली जाते ती एका बाईसाठीही दाखवता येते, आणि कायद्याने परवानगी असलेले शस्त्रदेखील धोका दिसल्यास ताब्यात घेण्याचा अधिकार शस्त्र अधिनियमाच्याच कलम २२ ने दंडाधिकाऱ्यांना दिलेला आहे.

क्रम मात्र चुकवू नका. परवाना रद्द करण्याच्या अर्जावर पतीला नोटीस जाईल, आणि ती हातात पडेल त्या संध्याकाळी रिव्हॉल्वर त्याच कपाटात आणि आपण त्याच घरात असता कामा नये. म्हणून आधी मुलांसह माहेरी किंवा अन्य सुरक्षित ठिकाणी जावे, मग जप्तीचा अंतरिम आदेश मिळवावा आणि त्यानंतरच परवान्याचा अर्ज दाखल करावा. त्याआधी शस्त्र पुन्हा बाहेर निघाले, तर वाद न घालता बाहेर पडून ११२ वर फोन करावा आणि घरात भरलेले शस्त्र असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे.

वकिलाच्या खर्चाची चिंता नको. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. परवाना पुस्तिका हाताशी असेल तर परवाना क्रमांक, शस्त्राचा क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख टिपून घ्यावी, आणि ठाण्यात दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तेथून उठू नये.