बर्फाची लादी चादरीत गुंडाळली तर लवकर वितळते का?

तुमचा प्रश्न असा की, मे महिन्यात घरच्या कार्यासाठी आणलेली बर्फाची लादी वडीलधारी मंडळी सोलापुरी चादरीत गुंडाळायला सांगतात. चादर तर ऊब देते, मग बर्फ आणखी लवकर वितळणार नाही का?

नाही, उलट जास्त वेळ टिकेल. चादर स्वतः ऊब देतच नाही. थंडीत ती अंगातली उष्णता बाहेर जाताना अडवते, इथे बाहेरची उष्णता आत येताना अडवते. उष्णता आपणहून नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. बर्फातून थंडावा बाहेर येतो असं आपण बोलतो खरं, पण प्रत्यक्षात खोलीतली उष्णता बर्फात शिरत असते.

१ किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी व्हायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत १ किलो पाणी २० अंशांवरून थेट उकळीला येईल! १० किलोची लादी ४० अंशांच्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्याविना उघडी ठेवली तर माझ्या ढोबळ हिशेबाने सुरुवातीला सव्वाशे वॉटच्या आत-बाहेर उष्णता ओढते, म्हणजे हाच वेग कायम राहिला तर साधारण ८ तासांत संपेल; लादी लहान होते तशी ही ओढ कमी होते, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो. चादरीच्या चार कोरड्या घड्या घातल्या तर ही आवक निम्म्याहूनही खाली येते.

आता खरी अडचण. अडवण्याचं काम सुतापेक्षा सुतात अडकलेली हवा करते. वितळलेलं पाणी चादरीत मुरलं की हवेची जागा पाणी घेतं, आणि स्थिर हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीसपटींहून अधिक सहज वाहते. चादर वापरूनही बर्फ टिकला नाही अशी तक्रार येते ती बहुतेक यामुळेच. म्हणून लादी आधी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, खालच्या बाजूला पाण्याला वाट ठेवा आणि मग वरून चादर घाला. चादर आवळून बांधू नका, दाबली की आतली हवा निघून जाते.

लादी फरशीवर तर मुळीच ठेवू नका. खाली लाकडी फळी किंवा थर्माकोल हवा, आणि पाणी लादीपासून दूर वाहून जाईल असा किंचित उतार. लागेल तेवढाच बर्फ फोडा. एका ठोकळ्याचे आठ सारखे तुकडे केले की उघडा पृष्ठभाग दुप्पट होतो, वितळण्याचा वेगही जवळपास तसाच वाढतो. पंख्याखाली ठेवणं ही हमखास होणारी चूक: लादीभोवती जमलेली गार हवा पंखा उडवून लावतो आणि तिथे ४० अंशांची ताजी हवा आणतो.

तासाभराने चादरीच्या सगळ्यात बाहेरच्या घडीला हात लावून बघा. ती जवळपास खोलीतल्या इतर कपड्यांइतकीच लागली तर काम नीट चाललंय. गार लागली तर चादर कुठेतरी भिजलीय किंवा घड्या कमी पडताहेत. कोरडी चादर बदलून घ्या.