वाचकांचे प्रश्न : पाच संगणक, पन्नास मुले

माध्यमिक शाळेतील संगणक शिक्षणाविषयी यवतमाळ, वाशीम आणि अमरावती जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. जागेअभावी ती संक्षेपाने दिली आहेत. उत्तरे लिहिताना गणित आणि संगणक शिकवण्यात घालवलेल्या माझ्या वर्षांचा आधार घेतला आहे.

प्रश्न : आमची अनुदानित शाळा दिग्रस तालुक्यातील एका गावात आहे. मी गणिताचा शिक्षक असून या वर्षी इयत्ता आठवीच्या संगणकाच्या दोन तासिका माझ्याकडे आल्या आहेत. वर्गाचा पट पन्नास आहे, कक्षातील दहा संगणकांपैकी पाचच सुरू आहेत, विजेचा नेम नाही आणि इंटरनेट जवळजवळ नाहीच. अशा स्थितीत मुलांना नेमके काय शिकवावे?

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांचाच आधी हिशेब करू. एका संगणकावर दोघे बसवले तर एका तासिकेत दहा मुले बसतात, म्हणजे प्रत्येकाची पाळी अडीच आठवड्यांनी येते. हे अपुरे आहे आणि ते मुख्याध्यापकांना व संस्थेला लेखी कळवत राहिले पाहिजे. परंतु एका यंत्राभोवती दहा मुलांचा घोळका करून एकाने माऊस धरायचा आणि बाकीच्यांनी माना उंचावून पाहायचे, ही आपल्याकडची रूढ पद्धत मात्र आजच थांबवावी, कारण तिच्यातून नऊ मुले एवढेच शिकतात की हे यंत्र आपल्यासाठी नाही. जोडीतल्या एकाने कीबोर्ड व माऊस सांभाळावा, दुसऱ्याने वहीतला क्रम वाचून सांगावा, आणि अर्धी तासिका झाली की जागांची अदलाबदल व्हावी.

उरलेल्या चाळीस मुलांना त्याच खोलीत कागदावर संगणकशास्त्र शिकवता येते. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकापासून संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे असे अनेक खेळ तयार केले आणि ते जगभरच्या शाळांत पोहोचले. पुठ्ठ्याच्या पाच पत्त्यांवर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढून पाच मुलांना ओळीने उभे करा. पत्ता उघडा म्हणजे एक, झाकलेला म्हणजे शून्य; संगणकही संख्या याच दोन चिन्हांत साठवतो. एकवीस दाखवायचे असतील तर १६, ४ आणि १ चे पत्ते उघडावे लागतात, हे मुले स्वतःच शोधून काढतात, आणि पाच पत्त्यांत शून्यापासून एकतीसपर्यंतच्या सर्व संख्या मावतात हे कळल्यावर सहावा पत्ता किती ठिपक्यांचा असेल, हा प्रश्न आपल्याला विचारावाही लागत नाही. त्यानंतर अकारविल्हे लावलेला वर्गाचा पट घ्या. मधले नाव पाहायचे, हवे असलेले नाव त्याच्या आधी येते की नंतर ते ठरवायचे आणि नको असलेली अर्धी यादी सोडून द्यायची, या रीतीने पन्नासांतले कोणतेही नाव फार तर सहा वेळा पाहून सापडते. हजार नावे असती तर किती वेळा पाहावे लागले असते, याचा अंदाज मुलांना करू द्या. बहुतेक मुले शेकड्यांत उत्तर देतात. खरे उत्तर दहा आहे, आणि ते फळ्यावर पडताळून पाहताना वर्गात जी शांतता पसरते ती अनुभवण्यासारखी असते.

सूचनांचा क्रम, अट आणि पुनरावृत्ती या तीन कल्पना शिकवण्यासाठी शहरी पाठ्यपुस्तकांतील लिफ्ट आणि वाहतुकीचे दिवे शोधत बसण्याचे कारण नाही. ओलिताला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मोटारपंप सुरू करण्याची रीत ठाऊक असते. आधी स्टार्टरच्या पेटीवरचे दिवे पाहायचे. तिन्ही फेज असतील तरच बटण दाबायचे, एखादा फेज नसेल तर थांबायचे, कारण दोन फेजवर चालवलेली मोटार जळते. मग ठरावीक वेळाने जाऊन पाणी सरीच्या टोकाला, धुऱ्यापर्यंत पोहोचले का ते पाहायचे, आणि ते पोहोचेपर्यंत हेच करीत राहायचे. ही रीत मुलांना एकेका ओळीत एकच कृती अशा प्रकारे लिहायला सांगा, आणि ती वाचून शब्दशः तसेच वागून दाखवा. 'पाणी आले का पाहा' असे लिहिले असेल आणि आले नाही तर काय करायचे हे लिहिलेले नसेल, तर तिथेच उभे राहा. लिहिण्यात राहिलेली उणीव शोधून दुरुस्त करणे हे प्रोग्रामिंगमधले सर्वांत मोठे काम आहे, आणि ते मुलांना इथेच कळते.

या वहीसह जोडी संगणकापाशी गेली की तिच्या वेळेचा एक मिनिटही वाया जात नाही. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले 'स्क्रॅच' हे प्रोग्रामिंग शिकण्याचे साधन मोफत आहे. ते एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय चालते, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणाहून पेनड्राइव्हमध्ये आणता येते. पंपाची रीत मुले त्यात ठोकळे जोडून उभी करू शकतात.

दुसऱ्या सत्रात स्प्रेडशीट, म्हणजे सूत्रे घालून हिशेब करता येणारा चौकटींचा तक्ता, घ्या. त्यासाठी लिबरऑफिस मोफत मिळते. इथे माझे मत थोडे आग्रही आहे. काल्पनिक दुकानाची बिले करून घेण्यापेक्षा जूनमध्येच शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा आणि मुलांना रोज सकाळी नोंद घेऊ द्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी आणि एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणून पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला की एकरभर रानात एक लाख लिटरहून अधिक पाणी पडलेले असते. हे सूत्र एका चौकटीत लिहून खालपर्यंत ओढले की संपूर्ण पावसाळ्याचा हिशेब समोर येतो, आणि सूत्र ओढताना संदर्भ आपोआप का बदलतो, क्षेत्रफळाची चौकट डॉलरच्या चिन्हाने का पक्की करावी लागते, हे प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. पाऊस किती दिवस उघडला आणि त्या काळात सोयाबीन कोणत्या अवस्थेत होते, हा पुढचा रकाना बहुधा तीच सुचवतील.

बंद पाच संगणकांबद्दल थोडेसे. ते सगळेच निकामी असतील असे नाही. मुख्याध्यापकांची परवानगी आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करून एकाची रॅम दुसऱ्यात बसवता येते, पंखे व फटी ब्रशने साफ करता येतात. ज्या यंत्रावर तारीख दर वेळी जुनी दिसते त्यात बहुधा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. चुकीच्या तारखेमुळेच पुढे अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत. विंडोज १० ची नियमित सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली असल्याने जुन्या यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स या मोफत कार्यप्रणालीची हलकी आवृत्ती टाकण्याचा विचार करावा. ती शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे उपयोगी पडतील, त्यांतील बरेच मराठीतही आहेत. यूपीएस साधारणतः काही मिनिटांचाच अवधी देतो, म्हणून दर थोड्या वेळाने काम जतन करण्याची सवय पहिल्याच दिवशी लावा, आणि आभाळ गडगडू लागले की तारा भिंतीपासून काढा.

आणखी एक विनंती. ऑनलाइन माहिती भरण्याची मुदत जवळ आली की अनेक शाळांत संगणक कक्ष कार्यालयाच्या ताब्यात जातो आणि हुशार मुले कारकुनीला बसवली जातात. आपल्या दोन तासिका वेळापत्रकात लिहिलेल्या आहेत. त्या मुलांच्या आहेत, हे विनयाने पण ठामपणे सांगा.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. शाळेत काही शिकवत नाहीत म्हणून त्याला आत्ताच एमएस-सीआयटीच्या वर्गाला घालावे काय? — एक पालक, पुसद

उत्तर : घाई करू नये. या प्रमाणपत्राचा नोकरीच्या अर्जासाठी उपयोग होतो आणि ते दहावीच्या परीक्षेनंतरच्या मोकळ्या महिन्यांत सहज करता येते. संगणक वापरता येणे आणि एखादा प्रश्न संगणकाकडून सोडवून घेण्यासाठी मांडता येणे यांत अंतर आहे. दुसरी गोष्ट शाळेतच, गणित आणि विज्ञानाच्या सोबतीने शिकवली गेली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावीपासून कोडिंगची ओळख करून देण्याचे म्हटले आहे. फीचे पैसे हाताशी ठेवा आणि पुढच्या पालकसभेत हा विषय काढा.

प्रश्न : मी धारणी तालुक्यात शिकवते. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांची मातृभाषा कोरकू आहे. मराठीच त्यांना परकी वाटते, तिथे इंग्रजी कीबोर्ड पाहून ती मागे सरकतात. संगणक कोणत्या भाषेत शिकवावा? — एक शिक्षिका, मेळघाट

उत्तर : आपला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण मुलांची भाषा संगणकावर चालतच नाही हा समज आपल्या शिक्षकांतही खोल रुजला आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा देवनागरीत लिहिली जाते, आणि देवनागरी अक्षरे संगणकाला रोमन अक्षरांइतकीच जवळची किंवा परकी आहेत, कारण त्याच्या लेखी दोन्ही केवळ अंक असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना अंक नेमून देणाऱ्या पद्धतीत, 'क' चा अंक २३२५ आणि 'ख' चा २३२६ आहे. स्प्रेडशीटमध्ये युनिकोड नावाचे सूत्र वापरून प्रत्येक मुलाला आपल्या नावातील अक्षरांचे अंक काढू द्या. 'ळ' आपल्या वर्णमालेत 'ह' नंतर येतो, पण युनिकोडच्या अंकांत तो 'ल' च्या लगेच पुढे बसला आहे. केवळ अंकांच्या क्रमाने यादी लावली तर काय होईल, यावर पूर्ण तासिका रंगते. शाळेच्या कार्यालयात जुन्या फाँटमध्ये टंकलेले एखादे पत्र दुसऱ्या संगणकावर उघडताच इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो, तेही दाखवा. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्याच अंकांवर मराठी अक्षरांचे चित्र चढवलेले असे, म्हणून असे होते.

टंकलेखनासाठी मी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डवरील देवनागरी अक्षरांची मांडणी शिकवण्याच्या बाजूचा आहे. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला येतात, आणि ज्या मुलाला बाराखडी येते त्याला ती थोड्या सरावाने जमते. रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सोय फोनवर सोपी वाटते खरी, पण तिच्यासाठी आधी इंग्रजी अक्षरांतून विचार करावा लागतो आणि आपली मुले नेमकी तिथेच अडतात. कीबोर्डचे चित्र पुठ्ठ्यावर काढून प्रत्येकाला घरी द्या, म्हणजे विजेविना सराव होईल.

यानंतर कोरकू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन रकान्यांचा शब्दसंग्रह वर्गाने मिळून तयार करावा. शब्द घरच्या वडीलधाऱ्यांकडून आणायचे, वहीत लिहायचे, पाळी आली की भरायचे; पक्षी, झाडे, नाती, शेतीची अवजारे असा आणखी एक रकाना ठेवला की क्रमवारी आणि गाळणी दोन्ही शिकवून होतात. या कामात मराठी मुलांना कोरकू मुलांची मदत मागावी लागते. मागच्या बाकावरचे मूल त्या दिवशी वर्गाला शिकवते, आणि संगणकाची भीती मोडण्यासाठी मला याहून चांगला उपाय सापडलेला नाही.

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते. शाळेत संगणकावर मुलेच बसतात, तिला वही धरून उभे ठेवतात. घरी मात्र मोबाईलवरची आमची सगळी कामे तीच करते. तिला आणखी काय शिकवावे, आणि मोबाईल हाती देणे सुरक्षित आहे काय? — एक आई, मंगरूळपीर तालुका

उत्तर : ताई, वही धरून उभी राहणारी मुलगी मीही माझ्या वर्गात पाहिली आहे, आणि ती माझ्या लक्षात यायला एक पूर्ण सत्र गेले, याची मला आजही खंत आहे. नंतर मी मुलींच्या वेगळ्या जोड्या केल्या आणि पाळीची यादी दारावर लावली. आपण वर्गशिक्षकांना भेटून एवढीच मागणी करा. ती मान्य करायला एक रुपयाही खर्च होत नाही.

घरचे काम हीच तिची प्रयोगशाळा समजा. २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत ती आपल्या शेतातल्या पिकाची नोंद करीत असेल, तर फोनला आपण कोणत्या गटात उभे आहोत हे कसे कळते, फोटो शेतात जाऊनच का काढावा लागतो आणि ती नोंद पुढे सातबाऱ्यावर कशी येते, हे तिने तुम्हांला समजावून सांगावे. सांगता आले नाही तर तो प्रश्न तिने शाळेत न्यावा.

सुरक्षिततेसाठी फोन काढून घेण्यापेक्षा काही नियम घरातल्या सर्वांनी पाळणे अधिक उपयोगी आहे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. तो मागितला गेला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार असतात. लग्नपत्रिका किंवा शेतकरी योजनेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल (फोनमध्ये नवे अॅप बसवणारी फाइल) आली तर ती उघडू नये, ओळखीच्या क्रमांकावरून आली असली तरी, कारण त्यांचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. ओटीपी कोणालाही सांगू नये. इतके करूनही फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण जितक्या लवकर कळवू तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता वाढते. हा क्रमांक आज सायंकाळी तिच्याच हाताने घरातल्या प्रत्येक फोनमध्ये आणि आजोबांच्या साध्या फोनमध्येही साठवून घ्या.