भोवळ, भीती आणि देवीची लस

प्रश्न : आमच्या गावच्या शाळेत दहावीच्या मुलींना धनुर्वात-घटसर्पाची लस टोचली, तेव्हा एक मुलगी कोसळली आणि तिला पाहून आणखी चौघी खाली बसल्या. त्यांत माझी मुलगीही होती. ‘मुली नाटक करतात’ असे म्हणून शाळेने विषय संपवला. सासूबाई दंडावरचे व्रण दाखवून म्हणतात, ‘आमच्या देवी काढल्या तेव्हा कोणाला घेरी आली नाही, लस तेव्हाचीच चांगली.’ खरे काय मानावे?
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, शाळेचे म्हणणे बरोबर नाही आणि सासूबाईंचेही नाही. भीतीने येणारी भोवळ हे नाटक नव्हे. सुई पाहताच हृदयाची धडधड वाढते, श्वास भराभर होतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. काही जणांत मग उलटा झोका बसून नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि माणूस खाली येतो. किशोरवयात हे अधिक घडते, आणि सकाळपासून उपाशी पोटी रांगेत उभ्या असलेल्या, पुढच्या मुलीला पडताना पाहणाऱ्या मुलींत तर सहजच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये अशा सर्व लक्षणांना लसीकरणाशी निगडित ताण-प्रतिसाद या एका नावाखाली आणले. त्यात दोष लसीतील द्रव्याचा नसतो, तरी त्रास खरा असतो, हे त्यामागचे म्हणणे आहे.

आता सासूबाईंच्या लसीकडे येतो. त्यांच्या देवी काढल्या तेव्हा त्या बहुधा तान्ह्या असतील, आणि तान्ही मुले घेरी येऊन पडत नाहीत, रडतात. शिवाय ती लस आजच्या बहुतेक लसींपेक्षा कितीतरी कडक होती. तिच्यात व्हॅक्सिनिया हा जिवंत विषाणू असे. टोचल्या जागी तीन-चार दिवसांत पुळी उठे, तिच्यात पू भरे, ताप येई, काख सुजे आणि तिसऱ्या आठवड्यात खपली पडून तो खळगा उरे. क्वचित मेंदूला सूज येई, इसब असलेल्या मुलांत पुरळ अंगभर पसरे. अमेरिकेत 1968 मध्ये मोजणी झाली, तेव्हा पहिल्यांदा लस घेणाऱ्या दर दहा लाखांमागे सुमारे एक मृत्यू आढळला. देवीच्या रोगाने साधारण दर तिघांपैकी एक जण दगावत असे, म्हणून हा धोका पत्करला गेला, आणि 1977 मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला तो त्याच लसीमुळे.

ताणाची लक्षणे आणि लसीचा खरा अपाय वेगळे करता येतात का, याचे चांगले उदाहरणही याच लसीत सापडते. डिसेंबर 2002 पासून अमेरिकी सैनिकांना ती पुन्हा टोचली गेली. युद्धाच्या तोंडावरच्या जवानाच्या छातीत दुखले, तर ते भीतीने की लसीने, हे नुसत्या तक्रारीवरून सांगता येत नाही. संशोधकांनी हृदयाचा आलेख आणि रक्ततपासणी पाहिली, तारखा जुळवल्या. पहिल्यांदा लस घेतलेल्या 2,30,734 जणांत हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला सूज आल्याचे 18 रुग्ण निघाले. एरवीच्या अपेक्षेच्या साडेतीन पटींहून अधिक. सर्वांची लक्षणे लसीनंतर 7 ते 19 दिवसांत सुरू झाली होती. पूर्वी लस घेतलेल्या 95,622 जणांत एकही नव्हता. भीतीची भोवळ टोचल्यानंतर काही मिनिटांतच येते, कधी टोचण्याआधीच. ती दहाव्या दिवसाची वाट पाहत नाही.

मिनिटांत येणारी एक गोष्ट मात्र गंभीर असते, ती म्हणजे तीव्र ॲलर्जी. तिच्यात नाडी जलद व क्षीण लागते, अंगावर गांधी उठतात, श्वास घरघरतो आणि आडवे करून आराम पडत नाही. तेथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन विलंब न करता द्यावे लागते. साध्या भोवळीत हात गार व घामेजलेला असतो, नाडी मंद असते, आणि पाय उंच करून निजवले की मिनिट-दोन मिनिटांत मूल डोळे उघडते. टोचल्यावर अर्धा तास थांबवून घेतात ते याचसाठी.

पुढच्या वेळी मुलीला भाकरी खाऊ घालून पाठवा, पूर्वी भोवळ आली होती हे सिस्टरला आधी सांगा आणि तिला रांगेबाहेर, आडवी निजवून टोचायला सांगा. आणि उपकेंद्राच्या नोंदवहीत त्या दिवशीचे केवळ ‘चक्कर’ एवढेच लिहिले असेल, तर कोणती मुलगी टोचल्यानंतर किती मिनिटांनी पडली, तेही आशाताईंकरवी नोंदवून घ्या.